खळाळातला मळ्या
मासा ओळखावा कसा आणि त्याचे घर समजून घ्यावे कसे?



उष्ण कटिबंधातल्या समुद्रात प्रवाळांच्या आसऱ्याने राहणाऱ्या माशांची रंगीत चित्रे तुम्ही पुस्तकांत पाहिली असतील. पिवळे, निळे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे ते मासे पाहिले की ‘हे आपल्याला कधी पाहायला मिळणार?’ असे वाटते. महाराष्ट्रातही अशी जागा आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालच्या खडकांवर जिवंत प्रवाळ वाढतात. तिथले सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. पण जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून मालवण शेकडो किलोमीटर दूर आहे. सहलीला गेलात तरी पाण्यात बुडी मारून मासे पाहण्याची संधी फार थोड्यांना मिळते.

म्हणून काय थांबायचे? मासा ओळखण्याची रीत समुद्रात आणि ओढ्यात एकच असते. प्रवाळ म्हणजे माशाच्या दृष्टीने काय? टणक तळ, लपायला फटी, खरवडून किंवा वेचून खायला अन्न आणि सतत हलते, स्वच्छ पाणी. आता कुकडी, मीना, पुष्पावती किंवा घोड या नद्यांचा वरचा भाग डोळ्यांसमोर आणा. काळ्या कातळाचे पात्र, गोट्यांमधल्या फटी, दगडांवर शेवाळाचा पातळ थर आणि खळाळते पाणी. या दोन जागांत खूप फरक आहेत, पण माशापुढचे प्रश्न बरेचसे सारखे आहेत. या लेखात आपण अशा खळाळात राहणारा एक साधा मासा ओळखायला शिकू. त्याचे नाव मळ्या.

लेखक पदार्थविज्ञान शिकवतो. तेव्हा मासा पाहता पाहता दाब, घर्षण आणि वेग यांची गणितेही आपल्या वाटेत येतील. त्यांना घाबरू नका. नववी-दहावीच्या पुस्तकाबाहेरचे त्यांत फारसे काही नाही.

आकार आधी, रंग नंतर

नवीन मासा दिसला की आपण पहिल्यांदा त्याचा रंग सांगतो. ओळखीसाठी मात्र रंग हा सर्वांत कमी भरवशाचा पुरावा आहे. याची कारणे दोन. पहिले कारण पाण्याचे. पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषून घेते आणि निळा उशिरा. त्यामुळे समुद्रात दहा-पंधरा मीटर खोलीवर तांबडा मासा काळपट दिसतो. दुसरे कारण माशाचे. पुष्कळ मासे तळाच्या रंगाप्रमाणे फिके किंवा गडद होतात. पिल्लू आणि मोठा मासा यांचे रंगही कधी कधी वेगळे असतात.

वरून पाहण्यातही एक अडचण आहे. पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतात आणि वस्तू आहे त्यापेक्षा वर आलेली दिसते. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे ४/३ आहे. म्हणून ६० सें.मी. खोल असलेला मासा सरळ वरून पाहिल्यास ४५ सें.मी. खोल असल्यासारखा वाटतो. शिवाय पाण्याचा पृष्ठभाग हलत असतो, त्यामुळे आकारही वेडावाकडा दिसतो. तेव्हा मासा सपाट बाजूंच्या काचेच्या बरणीत घेऊन, बाजूने पाहावा हे उत्तम.

आता पुढील चार प्रश्न क्रमाने विचारा.

१. शरीराचा आडवा छेद कसा आहे? दोन्ही बाजूंनी दाबलेला, वरून दाबलेला, की नळीसारखा गोल?
२. तोंड कोठे आहे आणि कोणत्या दिशेला उघडते? वर, समोर, की खाली?
३. पर किती आहेत, कोठे आहेत आणि कसे पसरतात?
४. खवले, मिशा, काटे, चकती अशी आणखी काही खास खूण आहे काय?

हेच प्रश्न प्रवाळातल्या ‘फुलपाखरू माशा’ला विचारून पाहा. शरीर थाळीसारखे उभे आणि चपटे; म्हणजे अरुंद फटीतून जाणे आणि चटकन वळणे सोपे. तोंड लहान आणि पुढे निमुळते. म्हणजे फटीतले बारीक अन्न चिमट्याने उचलावे तसे वेचता येते. यांतल्या कित्येक जाती प्रवाळाचे जिवंत पॉलिप वेचून खातात. डोळ्यावरून काळा पट्टा जात असल्यामुळे डोळा लपतो. पाहा, आपण नुसता मासा ओळखत नाही. तो कोठे राहतो आणि काय खातो हेही त्याच्या शरीरावरून वाचतो आहोत.

मळ्याची ओळख

आता आपल्या ओढ्यात या. दिवाळीच्या सुमारास पाणी निवळते. घोटाभर ते गुडघाभर पाण्यात, जेथे पाणी दगडांवरून खळाळते, तेथे स्थिर उभे राहून पाहा. गोट्यावर एक बोटाएवढी हिरवट तपकिरी आकृती चिकटलेली दिसेल. सावली पडताच ती झटक्यात दुसऱ्या गोट्यावर जाते आणि पुन्हा चिकटते. हा बहुधा मळ्या असतो.

आपले चार प्रश्न त्याला विचारू.

शरीर: पुढचा भाग नळीसारखा गोलसर, पोटाकडे सपाट आणि शेपटीकडे दोन्ही बाजूंनी किंचित दाबलेला. लांबी साधारणपणे ८ ते १५ सें.मी. भरते.

तोंड: डोक्याच्या खालच्या बाजूला, आडवे. नाकाड बोथट आणि पुढे आलेले.

पर: छातीचे पर आणि पोटाचे पर तळाला समांतर, पंख्यासारखे आडवे पसरलेले. मासा दगडावर बसला की हे पर दगडाला टेकतात.

खास खूण: मासा हलकेच उलटा करून तोंडाच्या मागे पाहा. खालच्या ओठापासून बनलेली एक मांसल गोल चकती दिसेल. हीच त्याची खरी ओळख. याशिवाय आखूड मिशांच्या दोन जोड्या असतात आणि कल्ल्याच्या फटीमागे, वरच्या कोपऱ्याजवळ बहुधा एक काळा ठिपका असतो.

प्राणिशास्त्रात याला गारा मुल्या म्हणतात. तो रोहू-कटला यांच्याच, म्हणजे सायप्रिनिडी कुळातला आहे. दिसण्यात तो त्यांच्यापेक्षा किती वेगळा! पण कुळ ठरते ते अंतर्गत रचनेवरून. नुसत्या बाह्य रूपावरून नव्हे.

फसवणारे शेजारीही ओळखून ठेवा. लोच गटातले लहान मासेही तळाशी बसतात. पण त्यांच्या मिशांच्या तीन किंवा अधिक जोड्या असतात, खवले अगदी बारीक असतात किंवा नसतातच, आणि तोंडामागे चकती नसते. खरपा हा मासा तळाला टेकून बसतो, पण त्याचे पोटाचे दोन्ही पर एकत्र जुळून वाटीसारखे झालेले असतात आणि तोंड समोर व वर उघडते. डोंगरी ओढ्यांतल्या काही लहान शिंगट्या छातीवरच्या घडीदार कातडीने दगडाला धरून राहतात. म्हणजे खळाळात टिकून राहण्याचा प्रश्न एकच, पण तो सोडवायला एकाने ओठ वापरला, दुसऱ्याने पर, तिसऱ्याने कातडी!

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ‘गारा’ या वंशात पुष्कळ जाती आहेत. चकती दिसली म्हणजे वंश ठरतो. जात ठरवायला पार्श्वरेखेवरचे खवले मोजणे, नाकाडाची ठेवण आणि परांतील किरणांची संख्या पाहणे, असे बारीक काम तज्ज्ञाला करावे लागते. म्हणून आपल्या वहीत ‘गारा वंश, बहुधा मुल्या’ असेच लिहावे. जेवढा पुरावा असेल तेवढेच बोलावे, ही शास्त्राची शिस्त आहे.

हे नाव आले कोठून?

‘मुल्या’ हा शब्द लॅटिन वाटत नाही ना? तो लॅटिन नाहीच. तो आपल्याच ‘मळ्या’चा इंग्रजी कानांनी ऐकलेला उच्चार आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री सायक्स (१७९० ते १८७२) यांच्याकडे १८२४ पासून काही वर्षे मुंबई इलाख्यासाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचे काम होते. त्या भटकंतीत त्यांनी भीमा आणि तिच्या उपनद्यांतले मासे पाहिले, त्यांची वर्णने केली आणि स्थानिक लोक त्या माशांना काय म्हणतात तेही टिपून घेतले. १८३९ साली ही वर्णने लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने प्रसिद्ध केली. सायक्स यांनी कित्येक जातींना स्थानिक नावेच ठेवली. त्यामुळे घोगऱ्याचा ‘गोग्रा’ झाला, शिंगाळ्याचा ‘सींघाला’ आणि नुकट्याचा ‘नुक्ता’. नदीकाठच्या भोई-कोळ्यांच्या तोंडचे शब्द असे जगभरच्या ग्रंथांत जाऊन बसले. त्यांची स्वतःची नावे मात्र कोठे नोंदली गेली नाहीत.

यांपैकी नुकट्याची आजची स्थिती चिंतेची आहे. कपाळावर उंचवटा असलेला हा मासा आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत आता ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेला आहे. मळ्या त्या अर्थाने अजून सुरक्षित आहे. तो दुर्मिळ नाही, म्हणूनच त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. नोंदी मात्र तो भरपूर असतानाच ठेवायला हव्यात. नाहीतर पुढे ‘पूर्वी खूप असायचे’ एवढेच सांगता येते. किती, कोठे आणि केव्हापर्यंत, हे सांगता येत नाही.

भारतीय शास्त्रज्ञांत सुंदरलाल होरा (१८९६ ते १९५५) यांनी खळाळातल्या माशांचा सखोल अभ्यास केला. गारा वंशावरचा त्यांचा मोठा निबंध १९२१ सालचा आहे. पुढे ते भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. असे मासे एकीकडे पूर्व हिमालय व मलाया आणि दुसरीकडे सह्याद्री अशा दूरदूरच्या डोंगरांत सापडतात, मधल्या सखल प्रदेशात नाहीत, हे पाहून त्यांनी १९४० च्या दशकात असा तर्क मांडला की, एके काळी सातपुड्याच्या रांगेवरून हे मासे पश्चिमेकडे सरकत आले असावेत. या तर्कावर पुढे आक्षेपही घेतले गेले. पण तळहाताएवढ्या माशावरून खंडाच्या इतिहासाविषयी प्रश्न विचारता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

चकतीचे गणित

मळ्या दगडाला किती जोराने धरतो? आपण अंदाज करू. पाण्याचे माशावरचे बल या सूत्राने काढतात:

बल = १/२ × क × पाण्याची घनता × समोरचे क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग

यात ‘क’ हा आकारावर अवलंबून असणारा अंक आहे. निमुळत्या शरीरासाठी तो ०.३ धरू. मळ्याच्या शरीराचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ २ चौ. सें.मी., म्हणजे ०.०००२ चौ. मीटर धरू. पाण्याची घनता १,००० किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि वेग १ मीटर प्रति सेकंद. मग

बल = ०.५ × ०.३ × १,००० × ०.०००२ × १ = ०.०३ न्यूटन

हे सुमारे ३ ग्रॅमच्या वजनाएवढे झाले. फार नाही. पण वेग दुप्पट झाला तर बल चौपट होते. पुराच्या पाण्यात ते किती झपाट्याने वाढत असेल याची कल्पना करा.

हे बल प्रवाहाच्या दिशेने असते. माशाला घसरू न देणारे बल म्हणजे दगड आणि चकती यांच्यातले घर्षण. घर्षण हवे तर दगडावर दाबणारे बलही हवे. घर्षणांक ०.५ धरला तर ०.०३ न्यूटन घर्षणासाठी ०.०६ न्यूटन दाबबल लागेल. चकतीचे क्षेत्रफळ अर्धा चौ. सें.मी. धरू. मग चकतीखालचा दाब बाहेरच्यापेक्षा किती कमी हवा?

दाबातील फरक = ०.०६ ÷ ०.००००५ = १,२०० पास्कल

म्हणजे सुमारे १२ सें.मी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा! काचेवर रबरी चकती दाबून बसवतो, तिच्या आतले पाणी किंवा हवा बाहेर जाते आणि बाहेरचा दाब तिला धरून ठेवतो. तेच तत्त्व येथे आहे. वातावरणाचा दाब सुमारे दहा मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. त्यापुढे १२ सें.मी. म्हणजे अगदी किरकोळ. चकतीचा पृष्ठभाग खरखरीत असतो, त्यामुळे घर्षणालाही मदत होते. आपण घेतलेले आकडे अंदाजाचे आहेत; पण त्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. मळ्याला फार ताकद लागत नाही. लागतो तो स्वच्छ, कडक पृष्ठभाग, ज्यावर चकतीची कड नीट बसेल. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

आणखी एक सोय पाहा. चकती तोंडाच्या मागे आहे. दगड धरला तरी तोंड बंद होत नाही. श्वसनासाठी पाणी आत घेता येते आणि शेवाळही खरवडता येते.

तळाशी पाणी सावकाश वाहते

दगडाला लागून असलेला पाण्याचा अगदी पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. त्यावरचा थर थोडा सरकतो, त्यावरचा अधिक. पाण्याच्या विष्यंदितेमुळे असे होते. वेग पूर्ण होईपर्यंतच्या या थराला सीमास्तर म्हणतात. गुळगुळीत दगडाच्या पुढच्या कडेपासून १० सें.मी. अंतरावर, पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असताना, हा स्तर सुमारे दीड मिलिमीटर जाड भरतो.

दीड मिलिमीटरमध्ये मळ्या मावेल काय? नाही. त्यात कीटकांच्या चपट्या अळ्या मावतात. मळ्याचे फक्त पोट आणि परांच्या कडा त्या थरात असतात. पाठ प्रवाहातच असते. तरीही त्याला फायदा होतो, कारण ओबडधोबड पात्रात तळाजवळचा वेग एकूणच कमी असतो आणि प्रत्येक धोंड्याच्या मागे शांत पाण्याची एक जागा तयार होते. म्हणून मळ्या पाठ वर न काढता तळाशी सपाट बसतो. खळाळात राहणाऱ्या अनेक माशांत वाताशयही लहान असतो, त्यामुळे वर तरंगण्याकडे त्यांचा कल राहत नाही.

करून पहा: ओढ्याच्या सरळ भागात काठाने ५ मीटर अंतर मोजा. बुचाचा तुकडा किंवा वाळलेले पान मध्यभागी सोडा आणि वेळ मोजा. ५ सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला १ मीटर. सरासरी वेगासाठी याला साधारण ०.८५ ने गुणतात. हाच प्रयोग काठाजवळ करा आणि फरक पाहा. मग मळ्या कोणत्या वेगाच्या पाण्यात जास्त दिसतात ते नोंदवा.

शेवाळ आणि प्राणवायू

एवढा त्रास घेऊन मळ्या खळाळात राहतो कशासाठी? दोन गोष्टींसाठी. एक, दगडावरचे शेवाळ. उथळ, स्वच्छ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो आणि दगडावर शेवाळाचा थर वाढतो. हेच त्याचे मुख्य अन्न. दुसरी गोष्ट प्राणवायू. समुद्रसपाटीच्या दाबाला एक लिटर पाण्यात २० अंश सेल्सियसला जास्तीत जास्त सुमारे ९ मि.ग्रॅ. प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना सुमारे साडेसात. एक लिटर हवेत मात्र २८० मि.ग्रॅ. च्या आसपास प्राणवायू असतो. म्हणजे पाण्यात राहणारा प्राणी नेहमीच काटकसरीत श्वास घेतो. खळाळात पाणी फुटते, बुडबुडे मिसळतात आणि वापरलेला प्राणवायू लगेच भरून निघतो. एप्रिल-मेमध्ये ओढा तुटून डोह उरले की पाणी तापते, प्राणवायू कमी होतो आणि खळाळाची सवय असलेल्या माशांची परीक्षा सुरू होते.

पाणी थांबले की काय होते?

आपल्या दोन तालुक्यांत कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आहेत: माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. या पाण्यावर लाखो लोकांची शेती आणि पिण्याची सोय उभी आहे. डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गाव गेले, आणि त्याच जलाशयावर पुढे विस्थापित आदिवासींनी सहकारी तत्त्वावर मासेमारी सुरू केली. तेव्हा धरण चांगले की वाईट, असा सोपा प्रश्न येथे विचारायचा नाही. प्रश्न असा विचारू: पाणी थांबल्यावर मळ्याच्या घराचे काय होते?

समजा, नदी १० मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल आहे व वेग सेकंदाला १ मीटर आहे. म्हणजे दर सेकंदाला ५ घनमीटर पाणी येते. हेच पाणी २०० मीटर रुंद आणि १० मीटर खोल जलाशयात शिरले तर वेग किती? ५ ÷ २,००० = ०.००२५ मीटर, म्हणजे सेकंदाला अडीच मिलिमीटर.

आता गाळाचा एक कण घ्या. व्यास ०.०५ मिलिमीटर. स्टोक्सच्या नियमाने स्थिर पाण्यात तो सेकंदाला सुमारे सव्वादोन मिलिमीटर या वेगाने खाली जातो. खळाळात तो कधी बसणारच नाही. पाण्याचे भोवरे त्याला पुन्हा पुन्हा उचलतील. पण जलाशयात १० मीटर खोली तो सुमारे सव्वा तासात उतरतो, आणि तेवढ्या वेळात पाणी पुढे सरकते फक्त ११ मीटर. म्हणजे नदी जलाशयात शिरताच गाळ खाली बसू लागतो. दगडांवर त्याचा थर चढतो. खोल, गढूळ पाण्यात प्रकाश पोचत नाही, म्हणून शेवाळ वाढत नाही. आणि गाळावर चकतीची कड बसत नाही! मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले वाक्य आठवा.

म्हणून जलाशयात रोहू, कटला, मृगळ वाढतात. मळ्या मात्र वरच्या ओढ्यांकडे, जेथे अजून खळाळ उरला आहे तेथे, सरकतो. धरणाच्या खाली वेगळाच प्रकार. आवर्तन सुटले की नदी दुथडी भरून वाहते. आवर्तन बंद झाले की काही दिवसांत डोहच उरतात. एकेका ओढ्यातले मळ्या असे एकमेकांपासून तुटतात. मग एखाद्या ओढ्यात कोणी मासे मारण्यासाठी ब्लीचिंग पावडर टाकली किंवा सुरुंग उडवला, तर तेथे पुन्हा मासे यायला वाट राहत नाही. एका दुपारच्या कालवणासाठी त्या ओढ्यातला वंशच संपू शकतो.

मालवणच्या प्रवाळांवरही गाळाचे असेच संकट असते. गाळ बसला की प्रवाळ गुदमरतात आणि त्यांच्या शरीरातल्या शैवालांना प्रकाश मिळत नाही. शिवाय समुद्र नेहमीपेक्षा जास्त तापला तर प्रवाळ ही शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. १९९८ मध्ये, २०१४ ते २०१७ या काळात आणि पुन्हा २०२३ पासून जगभर मोठ्या प्रमाणावर असे घडले. प्रवाळ गेले की फुलपाखरू माशाचे घर जाते. खळाळ गेला की मळ्याचे. मासा वाचवायचा तर आधी त्याचे घर वाचवावे लागते.

तुम्ही काय कराल?

शिक्षकांना बरोबर घेऊन ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात गावाजवळच्या ओढ्याची एक जागा निवडा. पावसाळ्यात पाण्यात उतरू नये. डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत मासे पकडू नयेत. तेथे काठावरूनच निरीक्षण करावे. इतरत्रही एक-दोन मासेच पाणी भरलेल्या बरणीत घ्यावेत, हात ओले करून हाताळावेत आणि पाच मिनिटांत जेथून घेतले तेथेच सोडावेत.

वहीत एवढ्या नोंदी करा: तारीख आणि वेळ; ओढ्याचे व गावाचे नाव; पाण्याची खोली, वेग आणि तापमान; तळ कसा (कातळ, गोटे, वाळू, गाळ); चार प्रश्नांची उत्तरे; माशाचे बाजूने आणि खालून काढलेले चित्र; दहा मिनिटांत किती मासे दिसले. आणि शेवटी एक रकाना अवश्य ठेवा: ‘स्थानिक नाव, कोणी सांगितले’. मळ्याला तुमच्या वाडीत दुसरे नाव असू शकेल. ते आजी-आजोबांना विचारा, जाळे टाकणाऱ्या काकांना विचारा, आणि त्यांच्या परवानगीने त्यांचेही नाव वहीत लिहा. सायक्स यांनी जे लिहिले नाही ते तुम्ही लिहू शकता.

दर वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात, त्याच रीतीने पाहा. शाळेने ही वही पुढच्या वर्गाकडे सोपवावी. दहा वर्षांनी त्या वहीची किंमत कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा कमी नसेल.

विचार करा

१. प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटरऐवजी ३ मीटर झाला तर मळ्यावरचे बल किती होईल? चकतीखालचा दाब किती कमी व्हावा लागेल?
२. गाळाच्या कणाचा व्यास निम्मा झाला तर स्टोक्सच्या नियमाप्रमाणे त्याचा खाली जाण्याचा वेग एक चतुर्थांश होतो. असा कण १० मीटर खोली किती वेळात उतरेल?
३. एक मासा सापडला. तोंड वर उघडते, पाठ सरळ आहे, पाठीवरचा पर मागे आहे. तो पाण्याच्या कोणत्या थरात राहत असेल? का?